चिखलाने रचलेली बेटं

काही वर्षांपूर्वी मी अंदमानातल्या बाराटांग बेटावर गेलो होतो. तिथे चिखलाचा ज्वालामुखी आहे. नाव ऐकून जरा दबकतच गेलो. पाहतो तर करड्या चिखलातून नुसते बुडबुडे येत होते. बोट लावलं, तर चिखल गार! तो कुठून आला, हे सांगायला आधी हिमालय गाठावा लागतो.

गंगा आणि ब्रह्मपुत्रा हिमालय झिजवून गाळ बंगालच्या उपसागरात आणतात. लाखो वर्षं साचलेला हा गाळ समुद्रतळावर पार सुमात्रापर्यंत पसरला आहे. तिथे त्याची जाडी चार-पाच किलोमीटर भरते. हे ओझं पाठीवर घेऊन समुद्रतळ वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो आणि सुमात्रा-अंदमानच्या खाली शिरतो. शिरतो तिथे खोल खंदक आहे.

मग गाळाचं काय होतं? दुधाच्या सायीवरून आडवा चमचा सावकाश सरकवून पाहा. साय सुरकुतते, घड्या पडत चमच्यापुढे गोळा होते. इथे चमचा स्थिर असतो आणि पातेलं सरकतं, एवढाच फरक. अंदमान-निकोबार बेटं म्हणजे बव्हंशी अशाच खरवडीचे पाण्यावर आलेले माथे. खाली दबलेल्या गाळातून पाणी पिळून निघतं. तेच वायू आणि चिखल घेऊन बाराटांगला वर येतं.

खंदकाजवळचा मऊ गाळ फारसा ताण धरणार नाही, असा समज होता. २६ डिसेंबर २००४ रोजी तो खोटा ठरला. ९.१ तीव्रतेच्या भूकंपात तळ खंदकाच्या जवळपर्यंत सरकला, आणि त्सुनामीने सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं नेली. २०१६ मध्ये ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ जहाजाने तिथे सुमारे दीड किलोमीटर खोल छिद्र पाडलं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला. थर इतका जाड, की तळचा गाळ वरच्या पांघरुणाखाली तापतो आणि खनिजांत अडकलेलं पाणी खंदकाला पोहोचण्याआधीच सोडून देतो. मग तो घट्ट होतो, अडून बसतो आणि एकदम सुटतो.

आपल्याला याचं काय, असं म्हणू नका. अरबी समुद्राच्या उत्तरेला, मकरान किनाऱ्यापुढेही असाच जाड गाळ खाली चालला आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. आता हैदराबादचं केंद्र त्सुनामीचा इशारा देतं. तरीही भरतीओहोटीची वेळ नसताना समुद्र एकाएकी मागे हटला, तर शिंपले वेचायला धावू नका, उंचावर जा.