नववीच्या वहीतली मतं

(शेवगाव तालुक्यातल्या एका गावात शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'करिअर' या विषयावर बोलायला बोलावलंय. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा कोणी गावाकडचा सापडला की त्याला हाच विषय देतात. पण करिअरचं सांगायला तुमचे सर आहेत, यूट्यूब आहे. मी आज ही वही घेऊन आलोय. माझी नववीची मराठीची वही, 2004 सालची. अम्मीनं पेटीत जपून ठेवली होती. मागच्या ईदला घराला रंग द्यायचा म्हणून पेटी हलवली, तेव्हा सापडली. पुढच्या बाजूनं निबंध आणि व्याकरण आहे. मागच्या पानांवर मी 'माझी मते' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. कुणी सांगितलं नव्हतं. वाटलं, लिहिलं.

थोडी वाचतो. हसू आलं तर हसा.

'पीटीचा तास गणिताला देणे बंद करावे. गणिताचा तास पीटीला देऊन बघावा.' 'प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मुलांकडेही असावी, कारण सर रजेवर गेले की विज्ञान बंद पडते.' 'मराठीत मला जास्त मार्क पडले की सर वर्गाला म्हणतात, बघा, मुसलमान असून. हे कौतुक आहे का काय आहे, कळत नाही.'

ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. सर चांगले होते. मला स्वतःच्या खिशातून शब्दकोश घेऊन दिला होता त्यांनी. तरी ते वाक्य वहीत आहे.

पुढे समाज. 'लग्नात बुंदी टाकून देणाऱ्याला पुढच्या लग्नात बुंदी वाढू नये.' 'उसाच्या हंगामात वर्गातली सात मुले आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. हजेरीत त्यांची नावे वाचली की मागून कोणीतरी हजर म्हणते.' आणि राजकारण, कारण त्याच वर्षी लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका झाल्या होत्या: 'प्रचाराच्या जीपमध्ये डिझेल कोण टाकते ते फलकावर लिहावे.' 'पुढारी आमच्या मोहल्ल्यात इफ्तारला येतात. गटार तुंबते तेव्हाही यावे.'

चौदा वर्षांचा होतो. यातल्या बऱ्याच मतांवर मी आजही ठाम आहे, विशेषतः बुंदीच्या.

आता तुम्ही म्हणाल, शाळकरी पोराच्या मताला विचारतो कोण? आपल्याच जिल्ह्यातून निघालेल्या एका वर्तमानपत्रानं विचारलं होतं. 'ज्ञानोदय'. 1842 साली अमेरिकन मिशननं ते नगरमध्ये सुरू केलं. तेव्हाचं अहमदनगर, आता सरकारी कागदावर अहिल्यानगर. नावाबद्दलही तुमची मतं असतील, असू द्यात. पुढे ते पत्र मुंबईला गेलं. 1855 साली त्यात एका विद्यार्थिनीचा निबंध दोन अंकांत छापून आला. तिचं नाव मुक्ता साळवे. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग जातीची, वय चौदाच्या आसपास. माझ्या या वहीच्या वयाची. आणि इथं नगरचा अजून एक धागा आहे. जोतिरावांनी स्वतः नोंदवून ठेवलंय की नगरला मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या, आणि त्यातूनच आपणही मुलींची शाळा काढावी हे त्यांच्या मनानं घेतलं.

मुक्तेचा निबंध मिळवून वाचा, फार मोठा नाही. ती विचारते काय? वेद जर फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आमच्याकडे ग्रंथच नाही. मग आमचा धर्म कोणता? पेशवाईत मांग-महारांवर झालेला जुलूम ती सांगते. आणि आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हेही सांगते. मला हे शेवटचं फार मोठं वाटतं. जात, धर्म, राज्य एवढे मोठे विषय, पण ती पोहोचते पावसात भिजणाऱ्या बाळंतिणीपर्यंत. जे तिच्या वस्तीत घडत होतं तेच तिचं कारण. 'मला असं वाटतं' एवढ्यावर ती थांबत नाही, 'का वाटतं' ते मांडते. एकशे सत्तर वर्षांनंतर आपण तिचा निबंध वाचतो तो त्यामुळे.

आता दुसरी गोष्ट, ती माझ्या आठवणीतली. नोव्हेंबर 2012. मी नुकताच डिग्री घेऊन नोकरीला लागलो होतो. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरमध्ये एकवीस वर्षांच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, हा बंद आदरापोटी की भीतीपोटी, अशा अर्थाचं. तिच्या मैत्रिणीनं त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. मुलगी मुसलमान होती. त्या रात्री अब्बांचा फोन आला, एकच प्रश्न: "बेटा, तूने तो कुछ लिखा नहीं ना?" मी नाही म्हणालो. फोन ठेवला आणि माझी जुनी चार-पाच मतं फेसबुकवरून पुसून टाकली. एक तर नळाच्या पाण्याबद्दल होतं. तेही पुसलं.

पुढे काय झालं, हे आपल्याकडे कमी सांगितलं जातं. पोलीस अधिकारी निलंबित झाले, त्या मुलींवरची केस बंद झाली. दिल्लीची श्रेया सिंघल, तीही विशीतलीच, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-अ विरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली. 24 मार्च 2015 ला कोर्टानं ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. एका मुलीची एक ओळ, दुसरीचं लाइक, तिसरीची याचिका. मी मात्र नळाच्या पाण्याबद्दलचं मत परत लिहिलं नाही. हे कबूल करतो, कारण तुमच्यातल्या अनेकांना घरून रोज तोच प्रश्न विचारला जातो, मला माहीत आहे.

त्या प्रश्नामागची भीती खोटी नाही. मे 2023 मध्ये आपल्या शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली, दुकानांचं नुकसान झालं. जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून शहर पेटलं, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. गुन्हे काय, कोणाचं काय चुकलं, ते कोर्ट बघेल. मी माझ्या धंद्यातलं सांगतो. स्टेटस चोवीस तासांत जातं, स्क्रीनशॉट जात नाही. आणि आमच्याकडे कोणीही लिहिलेला कोड सरळ गिऱ्हाइकापर्यंत जात नाही. आधी शेजारचा वाचतो, विचारतो, "ही ओळ का लिहिलीस?" उत्तर देता आलं नाही तर ओळ जाते. कुणीतरी पाठवलेला फोटो, त्याला लावलेलं गाणं, खाली तलवारीचं चिन्ह. हे तुमचं मत आहे? ते तुम्ही लिहिलंय? चारशे वर्षांपूर्वीच्या बादशहाबद्दल तुम्हाला इतकं ठाम काही वाटतं, आणि शाळेच्या कुलूपबंद कपाटाबद्दल काहीच वाटत नाही? बादशहाबद्दलही लिहा की, पण दोन पुस्तकं वाचून, पानभर लिहा. पानभर लिहिताना माणूस आपोआप सावध होतो.

मी हे वरच्या पट्टीत बोलतोय, म्हणून आता ते वाक्य वाचतो जे मघाशी गाळलं. चौथं पान. 'मुलींनी दहावीपर्यंत शिकले तरी पुरे. पुढे एसटीचा त्रास होतो.'

माझी बाजी माझ्याहून एका वर्षानं मोठी. 2005 साली ती दहावी पास झाली, आणि मार्क माझ्यापेक्षा बरे होते. ज्युनियर कॉलेज तालुक्याला, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. घरात बोलणं चाललं होतं. दादी म्हणाल्या, "कॉलेजकू जाके क्या करती?" अब्बांचं ठरत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "तेरेकू क्या लगता?" घरात पहिल्यांदा माझं मत कोणी गंभीरपणे विचारत होतं. मी छाती फुगवून वहीतलंच सांगितलं: एसटीत गर्दी असते, पोरं त्रास देतात. बाजी चुलीपाशी बसली होती. तिला कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याच एसटीनं मी कॉलेजला जायला लागलो.

निर्णय एकट्या माझ्या वाक्यानं झाला असं नाही, बाजीही तसं म्हणत नाही. पण डिझेल, गटार, इफ्तार यांवरच्या माझ्या मतांनी कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. ज्या एका मतानं कुणाचं तरी काही थांबलं, ते मी एसटी स्टँडवर मोठ्या पोरांकडून ऐकून उतरवलं होतं. आमच्याच गावच्या कोणत्या मुलीला खरोखर काय त्रास होतो, हे मी एकीलाही विचारलेलं नव्हतं. बाजीलासुद्धा नाही.

ही वही सापडल्यावर पहिल्यांदा ती वाचली माझ्या भाचीनं. ती नववीत आहे, आज इथंच बसलीय, दुसऱ्या रांगेत; मान खाली घालू नकोस बेटा. तिनं ते वाक्य आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी मान वर करू शकलो नाही. बाजी हसली. मग तिनं सांगितलं की तिनं बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. घरात फक्त भाचीला माहीत होतं. फॉर्मचं काम सायबर कॅफेत बसून दोघींनी केलं. मी संगणक इंजिनिअर, मला विचारलंही नाही. परीक्षा फेब्रुवारीत आहे. अर्थशास्त्र जड जातंय म्हणते, म्हणून दर रविवारी आम्ही फोनवर बसतो. मी समजावून सांगायला लागलो की ती मधेच थांबवते आणि विचारते, "ये किताब में लिखा है, या तेरा मत है?"

इथं येण्याआधी मी तिला विचारलं, ते वाक्य सगळ्यांपुढे वाचू का? ती म्हणाली, "पढ. नीचे की तारीख भी पढ."

12 डिसेंबर 2004, रविवार.

वही इथं टेबलावर ठेवतोय. मागची सहा पानं कोरी आहेत, पेन आत आहे.