गळक्या हौदाची डागडुजी

विहिरीचं पाणी साठवायला आपल्यापैकी अनेकांनी शेतावर सिमेंट-काँक्रीटचा हौद बांधला आहे. पंधरा-वीस वर्षांनी त्याला भेगा पडतात आणि पाणी गळू लागतं. अशा हौदाची डागडुजी कशी करावी, हे आज पाहू.

आधी गळती किती, ते मोजा. उन्हाळ्यात थोडं पाणी वाफ होऊनही जातं. म्हणून हौदाच्या पायरीवर एक बादली पाण्यात उभी ठेवा. बादलीत हौदाच्या पातळीइतकं पाणी भरा आणि आत-बाहेर खूण करा. चोवीस तास पाणी घेऊ नका, सोडू नका. दोन्हीकडे सारखंच उतरलं, तर ती वाफ. हौदात जास्त उतरलं, तर गळती. समजा, हौद ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आहे आणि बादलीपेक्षा २ सेंटिमीटर जास्त पाणी उतरलं. म्हणजे रोज ४०० लिटर पाणी वाया गेलं. झाडाला १० लिटर धरले, तर ही चाळीस रोपांची तहान झाली.

आता गळतीची जागा शोधा. पाणी उतरत उतरत जिथं थांबेल, त्या पातळीवर भिंत तपासा. पाइप भिंतीतून जातो तो सांधा, तळ आणि भिंत मिळते तो कोपरा, या नेहमीच्या जागा. स्थिर पाण्यात भेगेजवळ निळीचे चार थेंब सोडा. रंग आत ओढला गेला, की चोर सापडला.

भेग वाढती आहे का, हेही पाहा. बाहेरच्या कोरड्या बाजूला भेगेवर आडवी सिमेंटची पातळ पट्टी लावून तारीख लिहा. महिन्याभरात पट्टी तडकली, तर भेग हलते आहे. काळ्या जमिनीत असं बरेचदा होतं, कारण ही माती ओलीनं फुगते आणि सुकली की आकसते. हलत्या भेगेत नुसतं सिमेंट टिकत नाही. तिथं ताणलं जाणारं पॉलीसल्फाइडसारखं सीलंट लागतं.

भेग स्थिर असेल, तर काम असं करा. हौद रिकामा करा. छिन्नीनं भेगेवर अडीच सेंटिमीटर खोल खाच पाडा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. तारेच्या ब्रशनं घासून धुवा. खाच ओली असावी, पण पाणी साचलेलं नको. सिमेंटची दाट राबडी लावा आणि ती सुकायच्या आत एक भाग सिमेंट, तीन भाग धुतलेली वाळू असा घट्ट माल ठासून भरा. जलरोधक पावडर पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. मग ओलं गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारा. इथं कंटाळा केलात, तर नवी भेग ठरलेली.

गंजलेली सळई दिसली, तर तिच्यामागचं काँक्रीटही फोडून गंज काढा. सळई खाऊन बारीक झाली असेल, तर जाणकार अभियंत्याला दाखवा.

बाहेरून गिलावा करून गळती थांबत नाही. पाण्याचा दाब आतून असतो, म्हणून दुरुस्तीही आतूनच हवी. पिण्याच्या पाण्याच्या हौदात डांबर लावू नका.

जमिनीतला हौद पावसाळ्यात रिकामा करू नका. भोवतालचं पाणी तळ वर उचलतं. चैत्र-वैशाख हाच या कामाचा काळ. झाकलेल्या हौदात उतरण्यापूर्वी झाकण बराच वेळ उघडं ठेवा. बाहेर एक माणूस उभा ठेवल्याशिवाय आत जाऊ नका. आतला गडी बेशुद्ध पडला, तर मागोमाग उडी घेऊ नका, मदत बोलवा. पंपाची वीज बंद करा आणि हातात रबरी मोजे घाला.

हौद एकदम भरू नका, तीन दिवसांत थोडा थोडा भरा. मग पुन्हा बादलीची परीक्षा घ्या. दोन्ही खुणा सारख्या उतरल्या, की काम फत्ते झालं समजा.