आमचे काका
(मारुती मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



काकांविषयी चार शब्द बोलावेत अशी समितीची आज्ञा झाली. ते माझे सख्खे चुलते. पण गावात त्यांना काका म्हणत नसे असं एक घर दाखवा! देणगीदारांच्या पाटीवर आपलं नाव नको, अशी ताकीद त्यांनी हयातीतच देऊन ठेवली होती. म्हणून आज मीही त्यांना नुसतं काकाच म्हणणार आहे.

काका 1928 सालचे. त्यांच्या लहानपणी या देवळाचं माळवद गळायचं. आज आपण समिती केली, वर्गणी काढली आणि कामाला लागलो. निजामाच्या राज्यात देऊळ बांधायला, दुरुस्त करायलासुद्धा सरकारी परवानगी लागे. सभा घ्यायची म्हटलं तर गश्ती निशाण 53 आडवं येई. आर्य समाजाचा 1938-39 चा सत्याग्रह झाला, त्यात हे गाऱ्हाणं होतं. 1938 सालीच आपल्या जिल्ह्यात, गुंजोटीला, वेदप्रकाश यांची हत्या झाली. काका तेव्हा दहा वर्षांचे. मोठी माणसं दार लावून ते नाव घेत, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला. आपण मात्र तेरा महिने मागं राहिलो. त्या काळात काका हद्द ओलांडून बार्शीकडच्या कॅम्पात गेले. करोडगिरीचे नाके जाळणं, शिंदीची झाडं तोडणं, हे सारं त्या लढ्यात झालं. पण काकांना विचारलं तर ते पिठाचीच गोष्ट सांगत. कॅम्पात बंदुका थोड्या आणि खाणारी तोंडं फार. रात्री डोक्यावर पिठाचं गाठोडं आणि सदऱ्याच्या आत चिठ्ठ्या, असे ते ये-जा करीत.

13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून फौज निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. 17 तारखेला निजाम शरण आला. मुलांना शाळेत इथपर्यंतच शिकवतात. त्यापुढचं आज या देवळासमोरच सांगावं असं मला वाटतं.

रझाकारांनी छळलेली माणसं सूड घ्यायला निघाली, आणि रझाकार पळून गेले म्हणून शेजारी सापडले. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. सगळ्या संस्थानात निदान 27 ते 40 हजार माणसं मेली, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, होता. तो अहवाल लोकांसमोर यायला कितीतरी वर्षं गेली.

काका कॅम्पातून परत आले ते आतारांच्या घराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. तीन रात्री उठले नाहीत. आजी भाकरी तिथंच नेऊन देई. जमाव आला तेव्हा त्यांच्या हातात काठीसुद्धा नव्हती. राज्य निजामाचं होतं, आतारांचं नव्हतं, एवढंच ते म्हणाले. जमावात कॅम्पातले त्यांचे दोन सोबतीही होते. ते खाली मान घालून निघून गेले, म्हणून बाकीचे हटले.

त्याबद्दल काकांचा सत्कार झाला असेल, असं कोणाला वाटेल. छे! दोन वर्षं काहीजण पंगतीत त्यांच्या शेजारी बसत नव्हते. काकांनी कधी त्यांची नावं घेतली नाहीत. मला ती ठाऊक आहेत. मीही घेणार नाही.

पुढं स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली. आजीनं घरावर पत्रे घाला म्हणून लकडा लावला. काकांनी त्या पैशातून लिंबाखालचा ओटा बांधून घेतला. वयाच्या नव्वदीपर्यंत संध्याकाळी ते तिथं बसत, आणि आतारांचे थोरले त्यांच्याशेजारी. दोघांत बोलणं फार कमी. तंबाखूची डबी मात्र एकच.

नव्या बांधकामात तो ओटा काढावा असं इंजिनियरसाहेबांचं म्हणणं होतं. समितीनं मंडपाची भिंत दोन फूट मागं घेतली आणि ओटा ठेवला, याबद्दल मी घरच्यांतर्फे समितीचा आभारी आहे. महाप्रसाद तिकडच्याच बाजूला आहे. म्हाताऱ्या माणसांनी ओट्यावर बसून घ्यावं.