जाब विचारायची जागा
(युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पार्लमेंटचं नाव काढलं की आपल्या वस्तीतली पोरं दोनच गोष्टी बोलतात. एक म्हणतो, 'तो मोठ्यांचा खेळ, आपल्याला काय त्याचं?' दुसरा म्हणतो, 'घटना बाबासाहेबांची, म्हणजे पार्लमेंट आपलंच.' दोन्ही बोलणी आळशी माणसाची. बापानं घर बांधलं हे खरं. पण आज त्या घराची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, हे कोण बघणार?

म्हणून आज मी संसदेचं एकच काम धरून बोलणार आहे. ते काम म्हणजे सत्तेला जाब विचारणं. कायदे काय, राजेही करत होते. मनूनेही केलेच की! पण राज्य करणाऱ्याला उभं करून 'पैसा कुठं गेला, माणूस कसा मेला, बोल' असं विचारायची जागा म्हणजे संसद. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून फक्त ऐकायला लावलं, त्यांना ह्या जागेचं मोल दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळायला पाहिजे.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हेच समजावून सांगितलं. अमेरिकेसारख्या अध्यक्षीय पद्धतीत सरकार स्थिर राहतं. संसदीय पद्धतीत सरकारला जाब जास्त द्यावा लागतो. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारी पसंत केली. मतदार सरकारची परीक्षा निवडणुकीत घेतो, पण सभासद ती रोज घेतात : प्रश्न विचारून, ठराव मांडून, अविश्वासाचा प्रस्ताव आणून. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार आहे, हे ७५ व्या कलमात आलं ते त्याच हिशेबाने. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही रीत ह्या मातीला परकी नाही. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळे नियम भिक्खुसंघात होते. आपण ते गमावलं. पुन्हा गमावू का, अशी धास्ती त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखवली.

आता मागचा इतिहास थोडक्यात. १९१९ च्या कायद्याने दिल्लीत दोन सभागृहं आली. पण मत कुणाला? ज्याच्याकडे मालमत्ता, जो सारा-कर भरतो त्याला. आपल्याकडे ना शेत, ना वाडा. म्हणजे गावाबाहेर होतो तसे सभागृहाबाहेर. त्याच साली साऊथबरो समितीपुढे तरुण आंबेडकरांनी साक्ष दिली : अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडले पाहिजेत. १९२८ ला सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांना मत मागितलं. आज पोरं मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून लोळतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. ते मत कुणी खिरापत म्हणून वाटलेलं नाही.

पुढे पहिली गाठ बसली. १९३२ च्या जातीय निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ होते. गांधींनी येरवड्याला उपोषण केलं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा १४८ झाल्या, पण प्रतिनिधी शेवटी कुणाच्या मतांनी निवडायचा, हे बदललं. आधी आपण चार उमेदवार निवडायचे आणि त्यातला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा, अशी प्राथमिक फेरी तेवढी राहिली. १९४६ ला ठिकठिकाणी हेच झालं : प्राथमिक फेरीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा माणूस पुढे, अंतिम मतदानात मागे. पुढे घटनेत ती फेरीही उरली नाही. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात खुद्द बाबासाहेब लोकसभेला पडले. घटना लिहिणारा माणूस संसदेत गेला तो राज्यसभेच्या दारातून.

आज लोकसभेच्या ५४३ पैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. आकडा लहान नाही. मग आवाज का नाही? कारण राखीव मतदारसंघातही बहुसंख्य मतं दुसऱ्यांची. गावच्या पाटलाला जो टोचणार नाही, असाच माणूस पक्ष हुडकून काढतो. राखीव जागांना दर दहा वर्षांनी मुदतवाढ मिळते. २०१९ च्या दुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत गेली. बहुतेक सगळे पक्ष आनंदाने हात वर करतात. ज्या जागेचं भ्या वाटतं, तिला कुणी एवढ्या खुशीनं मुदतवाढ देईल का?

दुसरी गाठ १९८५ ची, पक्षांतरबंदीची. आयाराम-गयारामांचा बाजार बंद करायला कायदा आला, ठीक. पण पक्षादेश मोडून मत दिलं की सभासदत्व धोक्यात. म्हणजे निवडून द्यायचं आपण आणि त्याने बटण दाबायचं पक्षाच्या मालकाला विचारून! आपल्या माणसाचे हात असे दोन्हीकडून बांधले.

पण एक गोष्ट पक्षादेशाने बांधलेली नाही, ती म्हणजे प्रश्न. लोकसभेचा पहिला तास प्रश्नांचा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं, वर उपप्रश्न झेलायचे. अतारांकिताला लेखी उत्तर. ह्याने काय होतं? बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने लोकसभेत कबूल केलं की पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर आलं की हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात गुदमरून मेला तो वेगळ्या रकान्यात, म्हणून इकडे शून्य! मेलेल्या माणसाला व्याख्येत पुरून टाकलं. पण ही लबाडी आपल्या हाती लागली कशी? कुणीतरी प्रश्न विचारला म्हणून.

म्हणूनच सत्तेला ह्या तासाची खाज सुटते. आणीबाणीत, जुलै १९७५ च्या अधिवेशनात, विरोधक तुरुंगात आणि प्रश्नोत्तराचा तास रद्द. सप्टेंबर २०२० मध्ये साथीचं कारण देऊन तो पुन्हा गुंडाळला. लेखी उत्तरांवर भागवलं. शेतीचे कायदे त्याच अधिवेशनात राज्यसभेत आवाजी मतदानाने रेटले. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि रिकाम्या बाकांपुढे फौजदारी कायद्यांची तीन विधेयकं मंजूर झाली. झेंडा कुठलाही असो, खुर्चीवर बसला की प्रश्न नको असतो.

मग रस्ता बरा, पार्लमेंट कशाला, असं काही दोस्त म्हणतात. २०१८ आठवा. २० मार्चला सुप्रीम कोर्टाने अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला १८-अ कलम घालून कायदा सावरावा लागला. रस्ता नसता तर संसद हलली नसती. पण शेवटी कलम लिहिलं गेलं ते संसदेतच. १९८९ चा मूळ कायदाही तिथलाच. एका पायाने चालायची भाषा करू नका.

आता काम सांगतो. तुम्ही शहरातली शिकलेली पोरं. संसदेतली प्रश्नोत्तरं आता फोनवर वाचता येतात, फुकट. आपला खासदार काय विचारतो, काय विचारत नाही, ते महिन्याला काढा आणि वस्तीच्या फळ्यावर लिहा. शिष्यवृत्ती अडली, तर किती अर्ज, किती पैसे, कधीपासून, असा नेमका प्रश्न तयार करा आणि तो खासदाराच्या हातात देऊन पोच घ्या. राखीव जागेवरचा असो की खुल्या, आपला असो की त्यांचा. नाही विचारला, तर पुढच्या सभेत माईकपुढे उभे राहून विचारा, 'का नाही विचारलंस?' तो पक्षाला भितो. त्याला तुमचंही भ्या वाटू द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक प्रश्न लिहून आणायचा. भाषण नको, प्रश्न.

जयभीम.