मुंगी नावाची खेळाडू
(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली. मी बँकेत कारकून असल्यामुळे शैक्षणिक कर्ज किंवा बँकेच्या परीक्षा यांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु मी फुटबॉलवर बोलणार आहे, तेही स्त्रियांच्या फुटबॉलवर आणि त्यातल्या एकाच बाईवर. तिचे नाव मिराइल्देस मासिएल मोता. या नावाने तिला फारसे कोणी ओळखत नाही. जग तिला फॉर्मिगा म्हणते. पोर्तुगीज भाषेत फॉर्मिगा म्हणजे मुंगी.

ब्राझीलमधील साल्वादोर या शहरात ३ मार्च १९७८ रोजी तिचा जन्म झाला. हे शहर एके काळी पोर्तुगीज वसाहतीची राजधानी होते आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेली माणसे येथील बंदरात उतरवली जात. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. आजही साल्वादोरची बहुसंख्य वस्ती त्या माणसांच्या वंशजांची आहे. फॉर्मिगा त्यांच्यापैकीच, गरीब घरातली. वडील ती तान्ही असतानाच वारले, आणि आईने कष्ट करून मुलांना वाढवले.

आता तिच्या जन्मवर्षाकडे पुन्हा पाहा. ती जन्मली तेव्हा ब्राझीलमध्ये बायकांनी फुटबॉल खेळणे बेकायदेशीर होते! ज्या देशाने जगाला पेले दिला, त्या देशात १९४१ साली सरकारी हुकूम निघाला की, स्त्रियांच्या प्रकृतीशी विसंगत असे खेळ स्त्रियांनी खेळू नयेत. १९६५ साली तर फुटबॉलचे नाव घालूनच मनाई करण्यात आली. ही बंदी १९७९ साली उठली आणि बायकांच्या फुटबॉलला रीतसर नियम मिळाले १९८३ साली. त्याच १९८३ साली आपल्या भारतातील मुली आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या होत्या, हेही येथे नमूद करून ठेवतो. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

कायदा बदलला म्हणून घर बदलते असे नाही. बाहुली हातात आली की तिचे डोके उपटून त्याचा चेंडू करायचा, गल्लीत मुलांबरोबर खेळायचे आणि त्याबद्दल भावाचा मार खायचा, असे आपले बालपण फॉर्मिगाने मुलाखतींतून सांगितले आहे. मारणारा भाऊ काही दुष्ट नव्हता. पोरगी मैदानात गेली की लोक काय म्हणतील, ही त्याची काळजी. ही काळजी आपल्याकडच्या भावांना आणि वडिलांना चांगली परिचयाची आहे. आपल्याही मुली आठवी-नववीपर्यंत मैदानावर दिसतात आणि पुढे अचानक दिसेनाशा होतात.

१९९५ साली स्वीडनमध्ये भरलेल्या विश्वचषकासाठी ती ब्राझीलच्या संघात आली. वय सतरा. तेथून तिने लागोपाठ सात विश्वचषक खेळले, १९९५ पासून २०१९ पर्यंत. एवढे विश्वचषक जगात दुसऱ्या कोणत्याही बाईने वा पुरुषाने खेळलेले नाहीत. १९९६ साली अटलांटा येथे स्त्रियांचे फुटबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथम आले. तेव्हापासून २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत सातही वेळा ती होतीच. देशासाठी सव्वादोनशेहून अधिक सामने तिने खेळले. आकडे तपासणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी हे दोनदा तपासले.

तिला मुंगी का म्हणतात, हे समजायला तिची जागा समजली पाहिजे. ती मधल्या फळीत, बचावाच्या पुढे खेळे. गोल करणारा सर्वांना दिसतो आणि गोल अडवणाराही दिसतो. मधला खेळाडू मात्र समोरच्याचा चेंडू हिसकावतो, मोकळ्या सहकाऱ्याकडे देतो आणि पुन्हा आपल्या जागेवर धावत येतो. पुढे गेलेल्या बचावपटूची रिकामी जागा त्यानेच भरायची. हे काम दीड तास न थांबता करायचे असते. आमच्या शाखेत संध्याकाळी रोकड जुळली की कोणी कोणाचे नाव घेत नाही, जुळली नाही तर सगळे विचारतात. तसेच हे काम. मार्तासारखी जादूगार पुढे चमकत होती, कारण मागे ही मुंगी राबत होती. माझे मत विचाराल तर संघाची किंमत अशाच खेळाडूवरून करावी.

यश किती मिळाले? २००४ साली अथेन्स आणि २००८ साली बीजिंग, दोन्ही ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक. दोन्ही अंतिम सामने अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत गेले. २००७ साली विश्वचषकाच्या अंतिम फेरीत जर्मनीकडून दोन-शून्य असा पराभव. विश्वचषक आणि ऑलिंपिक सुवर्ण तिला कधीच मिळाले नाही. क्लबच्या खेळासाठी ती स्वीडन आणि अमेरिकेपर्यंत गेली, कारण ब्राझीलमध्ये बायकांच्या फुटबॉलवर पोट भरणे कठीण होते. सुरुवातीच्या दिवसांत तर ब्राझीलच्या महिला संघाला पुरुषांसाठी शिवलेले ढगळ कपडे घालून खेळावे लागे. राष्ट्रीय संघातील स्त्री-पुरुषांना समान भत्ता देण्याची घोषणा तेथील महासंघाने केली ती २०२० साली, म्हणजे तिच्या पहिल्या विश्वचषकानंतर पंचवीस वर्षांनी.

२०१५ साली दक्षिण कोरियाविरुद्ध तिने गोल केला तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. महिला विश्वचषकात एवढ्या वयात तोपर्यंत कोणी गोल केला नव्हता. २०१६ च्या अखेरीस तिने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. लगेच २०१७ च्या जानेवारीत, एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर, पॅरिस सेंट-जर्मेन या मोठ्या क्लबने तिला करारबद्ध केले! राष्ट्रीय संघानेही २०१८ साली परत बोलावले आणि ती गेली. २०१९ साली फ्रान्समध्ये ती विश्वचषक खेळली तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. त्या स्पर्धेतल्या कित्येक मुली तिच्या पहिल्या विश्वचषकाच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. ब्राझील हरल्यावर मार्ताने डोळ्यांत पाणी आणून देशातील मुलींना सांगितले की, फॉर्मिगा काही कायमची राहणार नाही, आता तुम्ही पुढे या. २०२१ साली पॅरिसच्या क्लबने प्रथमच फ्रेंच लीग जिंकली. ल्योंच्या क्लबची लागोपाठ चौदा वर्षांची सद्दी तेव्हा मोडली, आणि विजेत्या संघात त्रेचाळीस वर्षांची फॉर्मिगा होती.

आता मघाचा संबंध. देशासाठी तिचा शेवटचा सामना २५ नोव्हेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या जंगलातील मनाउस शहरात झाला. प्रतिस्पर्धी संघ होता भारताचा. १९८३ साली आशियात दुसऱ्या क्रमांकावर असलेला आपला संघ आणि त्या साली नुकतेच नियम मिळालेला त्यांचा संघ, हे अडतीस वर्षांनी समोरासमोर आले आणि आपण सहा-एक असे हरलो. मधल्या काळात कोणी काय केले आणि कोणी काय केले नाही, ते या आकड्यात आहे.

पण त्यातला एकही पाहा. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलने गोल केला. आठव्या मिनिटाला पंजाबातील होशियारपूरकडच्या मनीषा कल्याण या मुलीने धावत जाऊन चेंडू जाळ्यात मारला आणि काही काळ फलकावर एक-एक असे लिहिलेले होते. उत्तरार्धात फॉर्मिगा मैदानात उतरली तेव्हा सारे प्रेक्षागृह उभे राहिले. भारताच्या मुली त्या वेळी मैदानावरच होत्या. तिच्या शेवटच्या सामन्यात तिच्याविरुद्ध खेळलेला संघ म्हणून त्यांचे नाव राहील. मनीषा पुढच्याच वर्षी सायप्रसमधील क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तेथे खेळणारी ती पहिली भारतीय.

२०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलला देण्यात आला आहे. सामन्यांसाठी आठ शहरे निवडली, त्यांत साल्वादोर आहे.