खेळतं भांडवल अडकतं कुठे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतलं एखादं छोटं मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. ऑर्डरी भरपूर, ताळेबंदात नफा, आणि पगाराच्या दिवशी खात्यात खडखडाट! हा नफा रॅकवरच्या कास्टिंगमध्ये, अर्धवट झालेल्या कामात आणि सगळ्यात जास्त उधारीत बसलेला असतो.

म्हणून खेळतं भांडवल आधी दिवसांत मोजा, मग रुपयांत. समजा, कच्चा माल ३० दिवस पडून राहतो, कामाला १० दिवस लागतात, तयार माल १५ दिवस थांबतो आणि बिलाचे पैसे ७५ दिवसांनी येतात. झाले १३० दिवस. कच्चा माल देणारा व्यापारी ३० दिवस थांबतो. उरलेल्या १०० दिवसांची सोय तुमची तुम्हाला करायची आहे. रोजचा खर्च २० हजार धरला, तर २० लाख रुपये कायम गुंतलेले. वसुली नुसती १५ दिवस अलीकडे आणली, की ३ लाख मोकळे होतात, तेही कुणापुढे हात न पसरता. त्यात जीएसटी आहेच. बिल फाडलं की कर भरावा लागतो, गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असोत वा नसोत.

तगादा लावायला आपल्याला संकोच वाटतो. मोठी कंपनी दुखावली तर काम जाईल, ही भीती खरी आहे. पण कायदा तुमच्या बाजूनं आहे, हे कृपा करून लक्षात घ्या. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४पासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. त्यामुळे मार्च महिन्यात तुमच्या फोनला वजन येतं. मात्र उद्यम नोंदणी हवी, आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला हवा.

आता बँकेच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खात्याबद्दल. त्यातून लेथ घेऊ नका. यंत्राचे पैसे वसूल व्हायला वर्षं लागतात, सीसीतला पैसा तुम्हाला दर महिन्याला लागतो. यंत्रासाठी मुदत कर्जच घ्या. आणि ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँका साधारणपणे उचल मर्यादेत धरत नाहीत. म्हणजे जुन्या उधारीमुळे गिऱ्हाइकाचा पैसा तर अडतोच, बँकेचाही आटतो.

तेव्हा उद्या सकाळी येण्यांची यादी तारखेप्रमाणे लावा. ४५ दिवस ओलांडलेली बिलं वेगळी काढा आणि पहिला फोन त्यातल्या सर्वांत जुन्या बिलासाठी करा.