अल्पसंख्याकांचे हक्क आणि पंचांची सत्ता

(भाषण)



अल्पसंख्याकांचे हक्क म्हटले कीं आपल्यापैकीं कित्येकांच्या कपाळावर आठ्या पडतात. मूठभर लोक बहुजनांवर सत्ता कशी चालवितात, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलें आहे. तेव्हां ही शंका अगदींच खोटी नव्हे. पण विषय नीट पाहिला पाहिजे.

कॅनडांतील पंडित विल किमलिका यांचा ‘मल्टिकल्चरल सिटिझनशिप’ हा ग्रंथ १९९५ सालीं निघाला. त्यांचें म्हणणें असें कीं, माणूस आयुष्याचा मार्ग निवडतो तो आपल्या भाषेच्या व चालीरीतींच्या आधारानें. बहुमताच्या रेट्यानें तो आधार मोडला तर स्वातंत्र्य नुसतें कागदावर राहतें. म्हणून लहान समाजाला संरक्षण द्यावें. पण मोठ्यांपासून बचाव निराळा, आणि त्या नांवाखालीं आपल्याच माणसाचें तोंड बांधणें निराळें.

अमेरिकेंत न्यू मेक्सिकोमध्यें सांता क्लारा प्वेब्लो ही आदिवासी जमात आहे. तिचा १९३९ चा नियम असा होता: पुरुषानें बाहेरची बायको केली तर मुलें जमातीचीं, बाईनें बाहेरचा नवरा केला तर मुलें परकीं! ज्युलिया मार्टिनेझ या बाईंनीं दाद मागितली. १९७८ सालीं तेथील सुप्रीम कोर्टानें जमातीच्या स्वायत्ततेकडे बोट दाखवून हात झटकले. असला नियम किमलिकांनाहि अन्यायाचाच वाटतो. मात्र बाहेरच्या कोर्टानें तो मोडावा काय, येथें ते बिचकतात. गोऱ्यांनीं त्या लोकांचें काय केलें हें ठाऊक असल्यानें तें बिचकणें मला समजतें. पण त्या आईनें जावें कोठें?

आपल्याकडे मुंबई सरकारनें १९४९ सालीं बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनीं त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९६२ सालीं सुप्रीम कोर्टानें ४ विरुद्ध १ मतानें तो रद्द केला. तो एक म्हणजे सरन्यायाधीश सिन्हा. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजांत अस्पृश्य होतो, हें त्यांनीं ओळखलें. २०२३ सालीं हा प्रश्न ९ न्यायाधीशांकडे सोंपविण्यांत आला.

बोहऱ्यांकडे बोट दाखवून आपण मात्र सुटत नाहीं. आपल्या जातपंचायतींनीं वाळींत टाकलेल्याला विचारा: सोयरीक नाहीं, पंगत नाहीं, मयताला खांदा नाहीं. त्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याच्या गांवांत कोणी वाळींत असेल त्यानें सभा उठल्यावर मला भेटावें. अर्ज मी लिहून देतों.